पुदिन्याची डहाळी

दारे-खिडक्या बंद केलेल्या लहानशा खोलीत पुष्कळ माणसे दाटीवाटीने बसली, की थोड्याच वेळात जीव कासावीस होऊ लागतो. पेटती मेणबत्ती काचेच्या पात्राखाली झाकून ठेवली, तर तिची ज्योत हळूहळू मंदावते आणि अखेर विझून जाते. हा अनुभव माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. परंतु या साध्या अनुभवातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. या पृथ्वीवर हजारो वर्षे असंख्य प्राणी श्वासोच्छ्वास करीत आले आहेत. घरोघरी चुली पेटत आल्या आहेत. अरण्यांत वणवे लागत आले आहेत. असे असूनही सगळ्या जगाची हवा त्या बंद खोलीतील हवेसारखी का झाली नाही? बिघडलेली हवा पुन्हा चांगली करणारी काही योजना निसर्गात असली पाहिजे. ती कोणती? या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा 1771 साली इंग्लंडमधील लीड्स या शहरी एका धर्मोपदेशकाच्या हाती लागला. त्याचे नाव जोसेफ प्रीस्टली.

प्रीस्टलीचा जन्म 13 मार्च 1733 रोजी यॉर्कशायर परगण्यात, लीड्सपासून जवळच असलेल्या एका खेड्यात झाला. त्याचा बाप लोकरी कापडावर शेवटचा हात फिरवून ते विक्रीयोग्य करण्याचा धंदा करीत असे. जोसेफ लहान असतानाच त्याची आई वारली आणि पुढे एका प्रेमळ आत्याने त्याचा सांभाळ केला. मुलगा प्रकृतीने नाजूक, बोलताना अडखळणारा, परंतु बुद्धीने अतिशय तीव्र होता. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा त्याने लहान वयातच आत्मसात केल्या. आजारपणामुळे काही काळ शाळा सुटली, तेव्हा अंथरुणात पडून न राहता त्याने आणखी काही भाषांचा अभ्यास आपला आपणच केला.

त्याच्या बालपणाची एक आठवण त्याच्या धाकट्या भावाने पुढे नमूद करून ठेवली आहे. जोसेफ अकरा वर्षांच्या सुमाराचा असताना कोळी पकडून बाटलीत कोंडून ठेवी आणि ताज्या हवेवाचून ते किती काळ जगतात, हे पाहत बसे. मुलांच्या अशा खेळाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु बंद बाटलीतील हवेला काय होते, ही त्या वेळी मनात रुजलेली जिज्ञासा या मुलाच्या मनातून कधीच गेली नाही.

प्रीस्टलीचे घराणे इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेपासून अलग राहिलेल्या पंथाचे होते. अशा पंथांतील मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांच्या पदव्या मिळत नसत. म्हणून त्याने डेव्हेंट्री येथील आपल्या पंथाच्या विद्यालयात शिक्षण घेतले आणि 1755 साली तो एका लहान गावी धर्मोपदेशक झाला. तेथे त्याला यश आले नाही. एक तर तो बोलताना अडखळत असे. दुसरे असे, की स्वतःच्या बुद्धीला न पटलेले मत केवळ रूढ आहे म्हणून मानण्यास तो तयार नसे. लोक त्याच्या प्रवचनांना येईनासे झाले. पुढे 1758 साली नँटविच या गावी जाऊन त्याने एक शाळा चालवली. शाळेच्या तुटपुंज्या प्राप्तीतून पैसे साठवून त्याने हवा उपसण्याचा पंप व वीज निर्माण करण्याचे एक यंत्र विकत घेतले आणि ती उपकरणे कशी चालवावी, हे आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले.

त्यानंतर वॉरिंग्टन येथील विद्यालयात त्याला अध्यापकाची जागा मिळाली. 1762 साली मेरी विल्किन्सन या सुविद्य तरुणीशी त्याचा विवाह झाला. याच सुमारास लंडनमध्ये त्याची गाठ बेंजामिन फ्रँकलिन या थोर अमेरिकन पुरुषाशी पडली. आकाशातील विजेचे स्वरूप उलगडून दाखवणाऱ्या फ्रँकलिनने या तरुण शिक्षकाला प्रोत्साहन दिले. त्याचे फळ म्हणून प्रीस्टलीने विजेच्या शोधांचा विस्तृत इतिहास लिहिला. तो 1767 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षीच रॉयल सोसायटी या विद्वत्सभेने त्याला आपला सभासद करून घेतले होते.

1767 मध्ये प्रीस्टली लीड्स येथील प्रार्थनामंदिराचा उपदेशक होऊन तेथे राहावयास गेला. त्याच्या बिऱ्हाडाच्या शेजारीच बिअर तयार करण्याचा एक कारखाना होता. तेथील आंबवणाच्या मोठमोठ्या पिंपांवर एक जड, अदृश्य वायू साचून राहत असे. त्यात जळती ढलपी धरली, की ती तत्काळ विझे. आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो, तोच हा वायू होय. प्रीस्टली त्या कारखान्यात वरचेवर जाऊ लागला. हा वायू पाण्यात मिसळला असता पाण्याला रुचकर आंबूस चव येते, असे त्याला आढळले आणि ती कृती त्याने 1772 साली एका पुस्तिकेत छापून सर्वांना खुली केली. आजच्या सोडावॉटरचा उगम त्या कृतीत आहे. तिच्यापासून स्वतः धन मिळवावे, असे मात्र त्याच्या मनात आले नाही.

शेजारच्या कारखान्याने लावलेला हवेचा नाद पुढे वाढतच गेला. त्याची प्रयोगशाळा अगदी साधी होती. पाण्याने भरलेले पसरट भांडे, त्यात उपडी घातलेली काचपात्रे, मेणबत्त्या, बाटल्या आणि काही उंदीर एवढाच तिचा सरंजाम होता. पात्रातील हवा श्वसनास योग्य आहे की नाही, हे उंदीर त्यात किती वेळ तग धरतो यावरून तो ठरवी. थंडीने ते प्राणी दगावू नयेत म्हणून त्यांचे पिंजरे तो स्वयंपाकघरातील शेगडीच्या वरच्या फळीवर, उबेत ठेवीत असे.

मेणबत्ती जळून किंवा प्राण्याने श्वास घेऊन बिघडलेली हवा पुन्हा कशाने चांगली करता येईल, याचा शोध प्रीस्टली घेऊ लागला. त्याने नाना उपाय केले. ते सारे फसले. शेवटी एक वनस्पती पात्रात ठेवून पाहावी, असे त्याच्या मनात आले. वनस्पतीपासून त्याला फारशी आशा नव्हती. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींनाही हवा लागते. तेव्हा प्राणी जशी हवा बिघडवतात तशीच वनस्पतीही बिघडवील, असा त्याचा तर्क होता. त्याने पुदिन्याची एक डहाळी पाण्यावर उपड्या घातलेल्या काचपात्राखाली ठेवली. दिवस गेले, महिने गेले. डहाळी सुकली नाही, उलट वाढत राहिली. पात्रातील हवा तपासली, तर तीत मेणबत्ती जळत होती आणि उंदरालाही काही त्रास होत नव्हता. प्रीस्टलीचा तर्क खोटा ठरला होता. परंतु तर्क खोटा ठरल्याचा त्याला खेद झाला नाही, तर आनंद झाला.

मग त्याने नेमका प्रयोग योजला. ज्या हवेत मेणबत्ती जळून विझली होती, तीत 17 ऑगस्ट 1771 रोजी त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी, म्हणजे 27 ऑगस्टला, त्याच हवेत त्याने दुसरी मेणबत्ती धरून पाहिली. ती उत्तम जळली. एकदा घडले ते योगायोगानेही घडले असेल, म्हणून त्याने तो प्रयोग पुनःपुन्हा केला. कित्येकदा बिघडलेल्या हवेचे दोन सारखे भाग करून एका भागात त्याने वनस्पती ठेवली आणि दुसरा भाग तसाच राहू दिला. वनस्पती ठेवलेल्या हवेत ज्योत जळे. तशाच ठेवलेल्या हवेत ती विझे. पुढल्या वर्षी उंदरांच्या श्वासाने बिघडलेल्या हवेवर त्याने हाच प्रयोग केला. ज्या भागात पुदिना वाढला होता, त्यात ठेवलेला उंदीर सुखरूप राहिला. दुसऱ्या भागात सोडलेला उंदीर तत्काळ मेला. हा गुण केवळ पुदिन्याचा नव्हे, हेही त्याने पारखून घेतले. पालकासारख्या भराभर वाढणाऱ्या भाजीने तर हे काम आणखी लवकर केले.

जगाची हवा नासून का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर आता दिसू लागले. प्राणी व अग्नी जी हवा बिघडवतात ती वनस्पती सुधारतात. शेतातील पीक, रानातील झुडूप आणि वाटेवरचे गवतही या कामात आपला वाटा उचलते. फ्रँकलिनने प्रीस्टलीच्या घरी जाऊन बिघडलेल्या हवेत टवटवीत राहिलेली रोपे स्वतः पाहिली. घराजवळची झाडे आरोग्याला अपायकारक असतात अशा समजुतीने त्या काळी इंग्लंडमध्ये ती तोडण्याची लाट आली होती. या शोधामुळे त्या वृक्षतोडीला थोडा तरी आळा बसेल, अशी आशा फ्रँकलिनने प्रीस्टलीला पत्र लिहून व्यक्त केली. 1773 साली रॉयल सोसायटीने आपले मानाचे कॉप्ले पदक प्रीस्टलीला दिले.

याच वर्षी प्रीस्टली शेलबर्न या सरदाराच्या पदरी ग्रंथपाल म्हणून राहिला. तेथे प्रयोगांसाठी त्याला भरपूर सवड मिळाली. 1 ऑगस्ट 1774 रोजी त्याने एका मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण एकत्र करून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडले. भस्मातून एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती अत्यंत तेजाने जळू लागली. पुढल्या वर्षी त्याने या वायूत उंदीर ठेवला, तेव्हा तेवढ्याच साध्या हवेत तो जितका वेळ जगला असता त्याच्या कितीतरी अधिक वेळ जिवंत राहिला. प्रीस्टलीने स्वतःही तो वायू हुंगून पाहिला. हाच प्राणवायू. स्वीडनमधील शेले या रसायनज्ञाने तो याच्याही आधी स्वतंत्रपणे मिळवला होता. परंतु त्याची हकीकत 1777 सालापर्यंत छापली गेली नाही. पुदिन्याची डहाळी पात्रातील हवेत जे भरून काढीत होती, ते हेच द्रव्य होते.

असे असले तरी पुदिन्याच्या प्रयोगातील एक कोडे सुटले नव्हते. तोच प्रयोग प्रीस्टलीने काही वर्षांनी पुन्हा केला, तेव्हा कधी हवा सुधारे, तर कधी ती उलट अधिक बिघडे. इतर संशोधकांनाही असाच उलटसुलट अनुभव आला. ज्या प्रयोगाने कीर्ती मिळवून दिली, त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावा एखाद्याने झाकून ठेवला असता. प्रीस्टलीने तसे केले नाही. आपले फसलेले प्रयोगही त्याने यशस्वी प्रयोगांइतक्याच मोकळेपणाने छापले.

हे कोडे सोडवले ते यान इंगेनहाउझ या डच वैद्याने. 1779 सालच्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरी राहून त्याने तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले. त्याला असे आढळले, की वनस्पती हवा सुधारतात त्या केवळ उजेडात, आणि तेही केवळ आपल्या हिरव्या भागांनी. अंधारात हे काम थांबते आणि प्राण्यांप्रमाणे वनस्पतीही हवा थोडीशी बिघडवतात. प्रीस्टलीची काचपात्रे कधी उन्हात, तर कधी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली गेली असल्यास त्याला वेगवेगळी उत्तरे मिळावीत, यात नवल नव्हते. पुढे जिनीव्हाच्या सेनेब्ये याने या कामी कार्बन डायऑक्साइड लागतो हे दाखवले, तर तेथल्याच सोस्यूर याने पाण्याचाही त्यात भाग असतो हे 1804 साली सिद्ध केले. एका डहाळीने आरंभलेली कथा अशा रीतीने अनेक देशांतील अनेक हातांनी पुरी केली.

प्रीस्टलीच्या अंगी एक उणीवही होती. पदार्थ जळताना त्यातून फ्लोजिस्टन नावाचे एक द्रव्य बाहेर पडते, असे त्या काळचे विद्वान मानीत. फ्रान्समधील लाव्हाझिए याने प्रीस्टलीच्याच वायूच्या आधारे ही कल्पना चुकीची असल्याचे दाखवून दिले. जळणारा पदार्थ काही गमावीत नाही, तर प्राणवायूशी संयोग पावतो, हे त्याने सिद्ध केले. हळूहळू सर्वांनी ते मानले. परंतु प्रीस्टलीने जुनी कल्पना अखेरपर्यंत सोडली नाही. पुदिन्याच्या बाबतीत स्वतःचा तर्क सहज बाजूला ठेवणारा हा पुरुष येथे मात्र अडून बसला. थोरांच्या दृष्टीलाही मर्यादा असतात, हे त्याच्या चरित्रावरून ध्यानात येते.

1780 साली प्रीस्टली बर्मिंगहॅम येथे गेला. वाफेच्या यंत्रात क्रांतिकारक सुधारणा करणारा जेम्स वॅट हा तेथील त्याच्या मित्रांपैकी एक होता. ही मित्रमंडळी पौर्णिमेच्या सुमारास एकत्र जमून शास्त्रीय चर्चा करीत आणि चांदण्याच्या उजेडात घरी परतत. प्रीस्टलीच्या आयुष्यातील हा सुखाचा काळ होता. पण तो टिकला नाही. धर्माविषयी त्याची मते स्वतंत्र होती आणि फ्रान्समधील राज्यक्रांतीबद्दल त्याने उघडपणे सहानुभूती दाखवली होती. त्यामुळे पुष्कळ लोक त्याच्यावर चिडले होते. 14 जुलै 1791 रोजी त्या क्रांतीच्या स्मरणार्थ शहरात एक भोजनसमारंभ झाला. प्रीस्टली त्या समारंभाला गेलाही नव्हता. तरी खवळलेल्या जमावाने आधी प्रार्थनामंदिरे जाळली आणि मग आपला मोर्चा त्याच्या घराकडे वळवला. पती-पत्नी जेमतेम निसटली. त्यांचे घर, मोठा ग्रंथसंग्रह, वर्षानुवर्षे जमवलेली उपकरणे आणि हस्तलिखिते त्या रात्री नष्ट झाली. बंद काचपात्रात ज्योत तेवत राहावी म्हणून ज्याने उभे आयुष्य वेचले, त्याचेच घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

पुढे लंडनजवळ राहूनही त्याला स्वस्थता लाभली नाही. पूर्वीचे स्नेहीही त्याला टाळू लागले. अखेर 1794 च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या 61 व्या वर्षी, तो जहाजात बसून अमेरिकेस निघाला. तो समुद्रावर असतानाच, मे महिन्यात, इकडे पॅरिसमध्ये लाव्हाझिएला क्रांतिकारकांनी गिलोटिनखाली ठार केले. प्राणवायूच्या शोधाशी ज्यांची नावे जोडलेली आहेत त्या दोघांपैकी एकाला क्रांतीच्या कैवारामुळे देश सोडावा लागला आणि दुसऱ्याचा त्याच क्रांतीने बळी घेतला. प्रीस्टलीने पेनसिल्व्हेनिया प्रांतात नॉर्थम्बरलंड या लहान गावी घर बांधले व त्यात पुन्हा प्रयोगशाळा उभारली. तेथे धाकटा मुलगा आणि पाठोपाठ पत्नी यांच्या मृत्यूचे दुःख त्याला सोसावे लागले. तरीही त्याचे वाचन, लेखन आणि प्रयोग थांबले नाहीत. 6 फेब्रुवारी 1804 रोजी त्याने देह ठेवला. मृत्यूच्या दिवशी सकाळीही तो आपल्या लेखनातील दुरुस्त्या सांगत होता. प्राणवायूच्या त्याच्या शोधाला शंभर वर्षे झाली, तेव्हा 1874 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील अनेक रसायनज्ञ त्याच्या या घरी जमले व त्यांनी त्याच्या स्मृतीस वंदन केले.

प्रीस्टलीच्या काळानंतर शहरे वाढली, घरे लहान झाली आणि पुष्कळ लोकांना अंगण उरले नाही. म्हणून लोक खिडकीत व गच्चीवर कुंड्या ठेवू लागले. चार कुंड्या ठेवल्या, की खोलीतील हवा शुद्ध होते, अशीही समजूत पसरली. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने 1989 साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी लहान, बंद पेट्यांत रोपे ठेवली, तेव्हा त्यांनी हवेतील काही अपायकारक वायू कमी केलेले आढळले होते. त्या प्रयोगांमुळे ही समजूत अधिकच दृढ झाली. परंतु राहते घर हे प्रीस्टलीच्या काचपात्रासारखे बंद नसते. 2019 साली दोन अमेरिकन संशोधकांनी तोपर्यंतच्या अशा अनेक प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला. खिडक्या-दारांतून येणाऱ्या वाऱ्याइतके काम रोपांकडून व्हावयाचे असेल, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 पासून 1000 पर्यंत रोपे ठेवावी लागतील, असे त्यावरून दिसून आले. खोलीतील हवा चांगली राहण्यासाठी धूर बाहेर जाऊ देणे आणि खिडकी उघडी ठेवणे हाच खरा उपाय होय. त्या खिडकीतून जी ताजी हवा आत येते, तीतील प्राणवायू मात्र रानोमाळ पसरलेल्या वृक्षांनी, शेतातील पिकांनी आणि सागरातील सूक्ष्म वनस्पतींनी युगानुयुगे सूर्यप्रकाशात निर्माण केलेला असतो.

म्हणून खिडकीतील कुंडीचे मोल कमी होत नाही. ती डोळ्यांना सुख देते, घराला शोभा आणते आणि रोज तिला पाणी घालणाऱ्याला निसर्गातील एका थोर व्यवहाराची आठवण करून देते. लीड्समधील त्या बेताच्या प्रयोगशाळेत पुदिन्याच्या एका डहाळीने हा व्यवहार माणसाला प्रथम उघड करून दाखवला. आपला तर्क आणि समोरचे सत्य यांत विरोध आला, तेव्हा प्रीस्टलीने डहाळीवर विश्वास ठेवला. त्याच्या नावाला अमरत्व आले ते यामुळेच.